टरफलांच्या पलीकडचे टिळक : रत्नागिरीच्या मास्तरांच्या मुलाचा गणिताचा तास

येत्या २३ जुलैला लोकमान्य टिळकांची जयंती. शाळाशाळांत भाषणं होतील. आपली मुलं उर्दू शाळेत असोत, मराठीत असोत की इंग्रजी माध्यमात, पाच मिनिटांचं भाषण पाठ करून जातील. त्यात शेंगांची टरफलं असतील, केसरी असेल, मंडालेचा तुरुंग असेल. एक गोष्ट मात्र बहुतेक भाषणांत राहून जाते. टिळकांनी पदवी घेतल्यावर पहिली दहा वर्षं वर्गात उभं राहून गणित शिकवलं. पुढारी ते नंतर झाले, आधी मास्तर होते. आणि मास्तर म्हणून त्यांची जी ताकद होती, तिच्याच शेजारी त्यांची उणीवही बसलेली होती.

हा विषय आज घेण्याचं कारण आहे. दहावीच्या निकालानंतर मोहल्ल्यात चार पालक जमले की दोन तक्रारी ऐकू येतात. एक म्हणतो, माझ्या मुलाला वर्गात कंटाळा येतो, सर तेच तेच सांगतात. दुसरा म्हणतो, माझ्या मुलीच्या सगळं डोक्यावरून जातं, सर थांबतच नाहीत. गंमत अशी की दोन्ही मुलं एकाच वर्गात असतात, तास एकच असतो. हे कोडं आजचं नाही. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ते टिळकांच्याही वर्गात होतं.

मास्तरांचं घर

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. मूळ गाव दापोलीकडचं चिखलगाव. रत्नागिरी शहरात टिळक आळीतलं ते कौलारू घर आजही आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. वडील गंगाधरपंत शाळामास्तर. पगार थोडा, पण अभ्यास दांडगा. संस्कृत, व्याकरण आणि गणित यांत त्यांचा हात धरणारे थोडे होते. त्या काळात मराठीतून वरच्या दर्जाचं गणित शिकायचं तर पुस्तकं फारशी नव्हती. गंगाधरपंतांनी त्रिकोणमितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. आपल्या भाषेत कठीण विषय शिकता येतो, असं मानणारा हा माणूस.

या घरात बाळचं शिक्षण कसं झालं, याच्या गोष्टी चरित्रकारांनी सांगितल्या आहेत. श्लोक पाठ केला की वडील खाऊला पै देत. थोडा मोठा झाल्यावर बाळने बाणभट्टाची कादंबरी वाचायला मागितली. संस्कृतातला तो अवघड ग्रंथ. वडिलांनी नाही म्हटलं नाही, पण एक अवघड गणित समोर ठेवलं आणि ते सुटलं तर पुस्तक मिळेल अशी अट घातली. मुलाने वेळ घेतला, गणित सोडवलं, पुस्तक मिळवलं.

या गोष्टीत शिक्षणाची एक रीत दडलेली आहे. मुलाला जे येतं त्याच्या एक पायरी वरचं काम दिलं. करायला वेळ दिला. मध्ये कुणी उत्तर सांगितलं नाही. आणि बक्षीस म्हणून आणखी एक कठीण पुस्तक हातात आलं.

१८६६ मध्ये वडिलांची बढती होऊन बदली पुण्याला झाली आणि टिळकांचं रत्नागिरी सुटलं. त्याच वर्षी आई गेली. १८७२ मध्ये, मॅट्रिकच्या परीक्षेच्या आधी, वडीलही गेले. सोळा वर्षांचा पोरका मुलगा परीक्षेला बसला आणि पास झाला.

पाटीवर नाही, डोक्यात

शाळेत टिळक मास्तरांना अवघड जाणारे विद्यार्थी होते. वर्गात गणित घातलं की बाकीची पोरं पाटी-पेन्सिल घेऊन बसत, हे डोक्यातल्या डोक्यात सोडवून उत्तर सांगून मोकळे होत. पायऱ्या लिहून दाखवायला सांगितलं की त्यांना ते जिवावर येई. वर्गाला दिलेली सोपी उदाहरणं सोडून ते पुस्तकातली सर्वांत अवघड उदाहरणं शोधून काढत.

पुढे डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष त्यांनी तालमीत, पोहण्यात आणि शरीर कमावण्यात घालवलं, त्या वर्षी परीक्षेत नापासही झाले. पण तिथेच त्यांना केरूनाना छत्रे भेटले. केरूनाना म्हणजे त्या काळातले गणित आणि खगोलाचे मोठे जाणकार. टिळक त्यांचे आवडते विद्यार्थी झाले. गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. आणि मग १८७९ मध्ये कायद्याची पदवी. त्या पदवीवर सरकारी नोकरी किंवा वकिली सहज मिळाली असती. टिळक आणि त्यांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर यांनी दुसरंच ठरवलं होतं. शाळा काढायची.

नव्या शाळेचा तास

जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, माधवराव नामजोशी हे सुरुवातीचे, आगरकर लवकरच येऊन मिळाले, संस्कृतचे वामन शिवराम आपटे आले. सरकारी मदत नाही, मोठी इमारत नाही. शिक्षक पंचविशीच्या आसपासचे आणि पगार जेमतेम. तरी थोड्याच वर्षांत शाळेतली मुलं मॅट्रिकला मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवू लागली. १८८२ मध्ये सरकारी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी या शाळेचं कौतुक केलं. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडलं. टिळक तिथे गणिताचे प्राध्यापक झाले, गरज पडली तर संस्कृतही शिकवत.

त्यांचा तास कसा असे, याचं वर्णन त्यांच्या चरित्रांतून मिळतं. फळ्याचा वापर कमी. उदाहरण तोंडी घ्यायचं, तोंडीच सोडवायचं. पुस्तकातलं ओळीने सोडवून दाखवणं त्यांना पटत नसे, ते मुलांनी घरी करावं. वर्गात पुस्तकाबाहेरचं, डोक्याला ताण देणारं. मुलांनी मान खाली घालून उतरवून घ्यायचं, हा प्रकारच नाही. लक्ष सुटलं की धागा तुटला.

आज आमच्या डोळ्यासमोर येतो तो याच्या बरोबर उलट तास. सर फळ्यावर लिहितात, मुलं वहीत उतरवतात. चाळीस मिनिटं संपतात, वही भरते, डोकं रिकामं राहतं. संध्याकाळी तेच क्लासमध्ये परत उतरवतात. वर्ष संपेपर्यंत मुलाने स्वतःहून एक तरी गणित, आधी न पाहिलेलं, सोडवलेलं असतं का? टिळकांचा वर्ग या बाबतीत आपल्या पुढे होता. तिथे मुलाला विचार करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मागच्या बाकावरचं काय?

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही बघायला हवी. तोंडी आणि झरझर जाणारा तास कुणाला झेपतो? जो आधीच तयार आहे त्याला. टिळकांच्या वर्गात हुशार मुलं खूश असत, मध्यम आणि कच्च्या मुलांची दमछाक होई. ज्याला स्वतःला पायऱ्या लागल्या नाहीत, त्याला दुसऱ्याच्या पायऱ्या दिसणं अवघड जातं. लहानपणी पाटीवर न लिहिणारा मुलगा मास्तर झाला आणि फळ्यावर लिहीना, इतकं हे सरळ आहे.

म्हणजे तासाला धार होती, चाल मात्र एकाच्याच पायाची होती. डोंगर चढताना पुढचा माणूस मागे वळून बघत नसेल तर मागचे वाट चुकतात. त्यात मागच्यांचा दोष नसतो.

आणखी एका ठिकाणी टिळकांचा वर्ग अपुरा होता, आणि हे आपण मुलींच्या आई-बापांनी नीट लक्षात ठेवायला हवं. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, तेच आजचं हुजूरपागा. मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम शिकवायला टिळकांनी आपल्या लेखांतून विरोध केला. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढं शिकवावं, असा त्यांचा सूर होता. मित्र आगरकरांचं मत याच्या उलट, दोघांत जे मतभेद वाढत गेले त्यात समाजसुधारणेचा प्रश्न मोठा होता. ज्या माणसाने मुलांपुढे कठीणातलं कठीण ठेवलं, त्याने मुलींपुढे तेच ठेवायला नको म्हटलं. एवढ्या बुद्धिमान माणसाची नजरही इथे कमी पडली.

वर्ग सुटला, अभ्यास सुटला नाही

सोसायटीत पैशांवरून, बाहेरच्या कामांवरून आणि मतांवरून भांडणं वाढली. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. तिथून पुढचे टिळक सगळ्यांना माहीत आहेत. १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा. १९०८ मध्ये पुन्हा खटला आणि सहा वर्षं मंडालेचा तुरुंग. इतिहासाचा योग असा की मंडालेचा राजा थिबा त्या वेळी रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि रत्नागिरीचा टिळक मंडालेत. मंडालेच्या कोठडीत टिळकांनी गीतारहस्य लिहिलंच, शिवाय पाली, जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह जडलेला, सोबत कुणी नाही. तरी स्वतःला अवघड धडा घालायची सवय गेली नाही. गंगाधरपंतांनी घातलेली अट जणू त्यांनी आयुष्यभर स्वतःलाच घातली.

टिळकांच्या राजकारणाबद्दल आपल्या समाजात एक मत कधीच नव्हतं. १८९३ च्या दंगलीनंतरचं त्यांचं लेखन आणि सार्वजनिक गणेशोत्सव यांमुळे अंतर पडलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच टिळकांचा १९०८ मध्ये जामीनअर्ज मांडणारे आणि १९१६ च्या खटल्यात त्यांना सोडवणारे वकील बॅरिस्टर जिना होते. १९१६ च्या लखनौ करारात मुस्लिमांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाला टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्यासाठी स्वतःच्या माणसांचा रोष घेतला. मौलाना हसरत मोहानी त्यांना राजकारणातले गुरू मानत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळक गेले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत गांधीजींबरोबर मौलाना शौकत अलीही होते. माणूस पूर्ण पाहायचा तर हे सगळं पाहावं लागतं. त्यांच्या वर्गाकडेही आम्ही याच नजरेने बघतो.

रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं?

टिळक गेल्यावर फर्ग्युसनला गणिताचा प्राध्यापक हवा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या कॉलेजातल्या जुन्या सोबत्याला बोलावलं. ते धोंडो केशव कर्वे, १८९१ मध्ये रुजू झाले. गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे, कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. म्हणजे तिघेही आपल्याच जिल्ह्याचे. गोखल्यांनीही गणित शिकवलं, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरलं.

कर्वे टिळकांपेक्षा अगदी वेगळे. चमकदार बुद्धीचे म्हणून त्यांची ख्याती नव्हती, चिकाटीचे म्हणून होती. लहानपणी एका परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून डोंगर-घाट तुडवत साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. मॅट्रिक व्हायला विशी उलटली. मुंबईत मुलींच्या शाळेत शिकवणं आणि शिकवण्या करत त्यांनी घर चालवलं. पायऱ्या एकेक करून चढलेला हा माणूस. त्यांनी फर्ग्युसनमध्ये १९१४ पर्यंत गणित शिकवलं. त्यांच्याच नात्यातला, त्यांच्या आधाराने शिकलेला दापोलीकडच्या मुर्डीचा एक मुलगा, रघुनाथ परांजपे, फर्ग्युसनमधून केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, सीनियर रँग्लर झाला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय.

आणि टिळकांनी जो दरवाजा अर्धवट बंद ठेवला होता, तो कर्व्यांनी उघडला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, मग हिंगण्याची शाळा, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. टिळकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने मुलींना विद्यापीठापर्यंत नेलं. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

हजार आंब्यांचं गणित

टिळकांची धार आणि कर्व्यांची धिम्मी चाल, दोन्ही एकाच तासात येतील का? आम्हाला वाटतं येतील. त्यासाठी प्रश्नच असा हवा की कच्च्या मुलाला सुरुवात करता यावी आणि पक्क्या मुलाला तो पटकन संपवता येऊ नये. आपल्या हापूसचंच उदाहरण घेऊ.

बागेत १,००० आंबे निघाले. पाच डझनी पेट्या भरल्या तर किती पेट्या होतील आणि किती आंबे उरतील? एका पेटीत ६०. सोळा पेट्या, ९६० आंबे, उरले ४०. हे वर्गातल्या प्रत्येकाला येतं, आणि आलंच पाहिजे. इथे सरांनी थांबायचं, शेवटच्या बाकापर्यंत जाऊन वह्या बघायच्या.

आता तेच आंबे चार डझनी पेट्यांत भरा. एका पेटीत ४८. वीस पेट्या, ९६० आंबे, उरले पुन्हा ४०. पेटी बदलली, पण उरलेले आंबे तेवढेच. असं का झालं? इथे पुढच्या बाकावरची मुलं थबकतात. शेजाऱ्याशी बोलू द्या, पाच मिनिटं जाऊ द्या. कुणाला तरी दिसतं की ९६० ला ६० नेही भाग जातो आणि ४८ नेही. ज्याला ते दिसलं त्याच्यासाठी पुढची पायरी तयार ठेवा. बागेत आणखी थोडे आंबे निघाले असते तर हा योग कुठपर्यंत टिकला असता? उत्तर १,००७ पर्यंत. १,००८ झाले की चार डझनाची आणखी एक पेटी भरते आणि काही उरत नाही, पाच डझनाच्या हिशोबात मात्र ४८ उरतात.

प्रश्न एक, पायऱ्या तीन. पहिलीवर सगळे, दुसरीवर बरेचसे, तिसरीवर काही. कुणी रिकामा बसला नाही, कुणी मागे सुटला नाही. लसावि हा शब्द सरांनी शेवटी सांगितला तरी चालेल, तोवर मुलांच्या तो हातात आलेला असतो. यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही, महागडा क्लास लागत नाही. सरांनी आदल्या रात्री अर्धा तास विचार करावा लागतो आणि तासात उत्तर सांगण्याची घाई आवरावी लागते.

आपण काय करायचं?

रत्नागिरीत, चिपळूणला, खेडला, दापोलीला आपल्या संस्थांच्या शाळा आहेत. विश्वस्त मंडळांवर आपलेच लोक बसतात. सभेत इमारत, रंगकाम, बस, निकालाची टक्केवारी यांवर चर्चा होते. एकदा तरी तासावर व्हावी. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एक दिवस सर आणि मॅडमना एकमेकांच्या वर्गात मागे बसायला लावावं. टीका करायला नव्हे, तास कुठे रेंगाळला आणि कुठे पळाला एवढं टिपायला.

पालकांनीही एक सवय बदलावी. मूल घरी आलं की आपण विचारतो, आज किती शिकवलं, किती धडे झाले. त्याऐवजी विचारावं, आज कोणत्या प्रश्नाला डोकं लावावं लागलं? उत्तर रोज काहीच नाही असं येत असेल, तर शाळेत जाऊन सरांशी अदबीने बोलावं. आणि रोज काहीच कळलं नाही असं येत असेल, तरीही बोलावं.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच. आठवी-नववीत मुलीला गणित जड जायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, जाऊ दे, तिला कुठे इंजिनीअर व्हायचंय. हे वाक्य फार जुनं आहे. पुण्यात ते टिळकांसारख्या माणसानेही आपल्या परीने मांडलं होतं आणि ते चूक ठरलं. मुलीला सोपं करून देऊ नका, वेळ द्या. अवघड तिलाही झेपतं, फक्त तिच्या पायाने चालू द्यावं लागतं.

जयंतीच्या भाषणात टरफलं जरूर असू द्या. पण यंदा मुलांना घेऊन टिळक आळीत गेलात तर त्यांना एवढंही सांगा. या घरातल्या वडिलांनी मुलाला अवघड गणित घातलं होतं, आणि ते सुटेपर्यंत थांबले होते.